शेठच्या वकिलाने आखलेले डोळे

दत्ताभाऊ,

तुमच्या शोकसभेला मी आले होते. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसले. पेण-रोह्याचे वकील होते, धाटावच्या कंपन्यांचे मॅनेजर होते, हमरापूर-जोह्याकडची मूर्तीवाली माणसं हातापायाची माती धुऊन आली होती. जो उठला तो एकच वाक्य बोलला: दत्ताभाऊ सगळ्यांचे होते. मॅनेजर म्हणाले, सगळ्यांचे. सरपंच म्हणाले, सगळ्यांचे. ज्या शेठसाठी तुम्ही माझ्या आत्याला नोटीस पाठवलीत, त्या शेठचा माणूससुद्धा माईक हातात घेऊन म्हणाला, सगळ्यांचे. तेव्हा मी उठले आणि बाहेर आले.

तुम्ही तिथे असतात तर तुम्हीच त्यांना अडवलं असतं. "सगळ्यांचा असा वकील नसतो. ज्याचं वकीलपत्र घेतलं त्याचा असतो," हे तुम्ही मला रोह्याच्या तुमच्या ऑफिसात, चष्मा पुसत, अगदी शांतपणे सांगितलं होतं. त्या शांतपणाचा मला तेव्हा इतका राग आला होता की मी तुमच्या टेबलावरचा चहा तसाच ठेवून निघाले होते. पण त्या सभेत कळलं, तुमच्याबद्दल खरं काय ते तुम्ही एकट्यानेच बोलून ठेवलंय.

माणूस गेला की त्याच्याशी वैर धरू नये, असं म्हणतात. हे म्हणणाऱ्यांचं बहुधा काही अडकलेलं नसतं. आमचं अडकलंय. आत्याने स्वतःच्या बोटांनी घडवलेला गणपती तिला पुढे घडवता येणार की नाही, हे अजून ठरायचंय, आणि ते ज्या कलमावर ठरणार ते कलम तुमच्या हातचं आहे. तेव्हा मी तुमच्याशी भांडणार. तुम्ही ऐकताय असं धरूनच भांडणार.

माझे बाबा धाटावला एका कंपनीत ऑपरेटर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. शाळेत 'कमळ' वाचायच्या आधी मी घरी 'कामगार बंधूंनो' वाचलं. तुम्ही त्याच कंपनीचे वकील. शिफ्ट सुटायच्या वेळी बाबा गेटवर पत्रकं वाटत उभे असत, आणि तुम्ही स्कूटर स्टँडवर लावून त्यांच्या हातून एक पत्रक मागून घ्यायचात. तिथेच उभं राहून शेवटपर्यंत वाचायचात. दुसऱ्या दिवशी ते बाबांकडे परत यायचं, लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन. 'नराधम व्यवस्थापन' यातला 'नराधम' खोडलेला आणि समासात तुमच्या बारीक अक्षरात: 'हे कसं सिद्ध करणार? त्यांनी काय केलं ते लिहा.'

मी बाबांना म्हणायचे, "तो कंपनीचा माणूस आपलं पत्रक का सुधारतोय? फाडून टाका."

बाबा हसायचे. "कंपनीचा हाय, पण वाचतो तरी. आपली माणसं त्याच्यात भजी बांधून नेतात."

आजही लिहिताना एखादं विशेषण आलं की मला ती लाल पेन्सिल दिसते आणि मी ते काढते. हे मी तुमच्याकडून शिकले. ते कबूल करावं लागतं, याचाही मला राग येतो.

तुमची कामाची पद्धत सभेत कोणी नीट सांगितली नाही. 'हुशार', 'कष्टाळू', 'निगर्वी' असलं बोलत राहिले. मी सांगते. नवा अशील आला की तुम्ही पहिल्या भेटीत काहीच लिहून घ्यायचा नाहीत. त्याला म्हणायचात, "तुमची जागा दाखवा." मग त्याच्या कारखान्यात, गोदामात जाऊन दिवसभर एका स्टुलावर बसून राहायचात. कुठलं दार उघडं राहतं, चावी कोणाकडे असते, कोण कोणाला न विचारता काय उचलून देतो, सगळं बघायचात. "कागदावर काय व्हायला हवं ते असतं. जागेवर काय होतं ते दिसतं." हे तुमचं वाक्य बाबांना तोंडपाठ होतं. बाकीचे वकील पुस्तकातून करार उतरवून काढत. तुम्ही माणसांच्या सवयी पाहून लिहायचात. म्हणून तुमचा करार कधी मोडत नसे. मोडायची ती त्या सवयीची माणसं.

हेही लिहिते, कारण ते खरं आहे: जो अशील तुमच्याशी खोटं बोलला, त्याचं काम तुम्ही सोडलंत. धाटावच्या एका मालकाने सांडपाण्याबद्दल तुम्हाला खोटं सांगितलं होतं. तुम्ही त्याची फाईल स्वतः नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलीत. बाबांना हे कळलं तेव्हा ते भारावून म्हणाले, "तत्त्वाचा माणूस!" मी विचारलं, "मग खाडीत काय सुटतंय ते त्याने बाहेर कोणाला सांगितलं का?" तुम्ही सांगितलं नव्हतंत. अशील सोडला तरी त्याचं गुपित सोडायचं नाही, हा तुमचा धर्म. खाडीतली मासळी मात्र कोणाची अशील नव्हती.

आणि असा माणूस दर वर्षी आषाढ लागला की हमरापूरला आत्याच्या कारखान्यात पाटावर मांडी घालून बसायचा, हातात अगदी बारीक ब्रश, आणि गणपतींचे डोळे आखायचा.

तुमचे हात चांगले होते. हे मला म्हणावंच लागेल. आत्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, तुम्हाला शाळेच्या सुट्टीत डोळ्यांची आखणी शिकवली होती, आणि वकील झाल्यावरही ती तुम्ही सोडली नाहीत. श्वास धरून एका ओढीत भुवई काढायचात. त्या वेळी कोणी तुमच्याशी बोललं तर उत्तर नाही. आत्या बाकीच्या बायांना दटावायची, "गप गो, वकील डोळ्यात हाय." मोबाइल तुम्ही आत्याच्या पाण्याच्या माठामागे ठेवून द्यायचात. मोठमोठे अशील तिथे माठाशी बोलत बसायचे.

आत्याचा गणपती तुम्ही पहिल्यांदा पाहिलात तो दिवस मला आठवतो. ती इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मूर्ती रंगवत होती; नवरा गेल्यावर हळूहळू स्वतः माती घडवू लागली. तिचा गणपती सिंहासनावर बसलेला नाही. तो खाडीच्या बांधावर बसलाय. एक पाय खाली सोडलेला, एक हात मागे जमिनीला टेकलेला, खारेपाटातला माणूस बांध घालून झाल्यावर बसतो तसा. बांधावरचा गणपती. तुम्ही त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिलात आणि म्हणालात, "सुमन, हा दमलाय गो." आत्या म्हणाली, "मग? देवाने दमू नये?" पहिल्या मूर्तीचे डोळे तुम्हीच आखलेत. किंचित मिटलेले. त्या डोळ्यांनीच तो गणपती खपला, असं आत्या अजूनही म्हणते.

आमच्याकडची रीत तुम्हाला शिकवायला नको, पण इथे वाचणाऱ्यांसाठी लिहिते. मूर्ती एकदा घडवली की तिचा रबरी साचा काढतात आणि मग साच्यातून मूर्ती निघत राहतात. ऐन हंगामात शेजारच्या कारखान्यातला साचा फाटला, ऑर्डर अडली, तर शेजारीण येते आणि साचा मागते. मागितला की द्यायचा. साच्याला नाही म्हणू नये. ती आपलं काम उरकून साचा परत आणते आणि त्यातून निघालेली पहिली मूर्ती बरोबर आणून देते. कागद नाही, पावती नाही. तुम्ही आजोबांच्या वेळेपासून हे बघत आलात. पाटावर बसून, डोळे आखता आखता, किती साचे या दारातून त्या दारात गेलेले पाहिलेत तुम्ही!

मग मुंबईचे शेठ आले. बांधावरचा गणपती त्यांना मोठ्या प्रमाणात हवा होता, मुंबईसाठी, परदेशासाठी. आत्याकडच्या बायांना बारा महिने काम मिळणार होतं. चांगली गोष्ट होती. करार तुम्ही लिहिलात, शेठचे वकील म्हणून. सही झाली तेव्हा मी पनवेलला कॉलेजात होते. त्या दिवशी काय झालं ते मला आत्याने सांगितलं आणि नंतर तुम्हीही सांगितलंत. दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळतं. तेच मला जास्त लागतं.

शेठ उभेच होते, पांढऱ्या पँटला माती लागेल म्हणून. तुम्ही पाटावर बसून एकेक कलम मराठीत वाचून दाखवलंत. मधेच थांबून म्हणालात, "सुमन, मी शेठचा वकील आहे. सही करायच्या आधी दुसऱ्या वकिलाला दाखव."

आत्या हसली. "दुसरा कशाला? तुमी वाचलंय ना?"

"मी वाचलंय ते शेठसाठी."

"शेठसाठी काय नि माझ्यासाठी काय! तुमी घरचे. ह्याचे डोळे तुमीच आखलेत."

इथपर्यंत तुमच्यावर माझा आरोप नाही. तुम्ही सांगितलंत, तिने ऐकलं नाही. समोरच्या बाजूचा वकील आपल्या पाटावर बसतो म्हणून तो आपला, अशी चूक फक्त आमचीच माणसं करतील, आणि ती तिने केली.

मग तुम्ही पुढचं कलम वाचलंत. साचा कारखान्याच्या उंबरठ्याबाहेर, कोणत्याही कारणाने, कोणाकडेही, कितीही काळासाठी जाणार नाही. गेला तर त्या मूर्तीचा आकार घडवण्याचा सगळा हक्क शेठच्या कंपनीचा. ऐकून आत्या म्हणाली, "बरोबर हाय. चोरांसाठी हाय ना ते?"

आणि तुम्ही काही बोलला नाहीत.

तिच्या डोक्यात शेजारच्या कारखान्यातली शेवंतीकाकी येणं शक्यच नव्हतं, दत्ताभाऊ. शेजारच्या दारात साचा गेला तर तो बाहेर गेला, असं आमच्याकडे कोणीच म्हणत नाही. हे मुंबईच्या शेठला ठाऊक नव्हतं. पनवेलच्या, अलिबागच्या कुठल्याही वकिलाला असलं कलम सुचलं नसतं. सुचलं असतं तर चोरीचं सुचलं असतं. 'कोणाकडेही' आणि 'कितीही काळासाठी' हे शब्द फक्त आमच्या पाटावर बसलेल्या माणसालाच सुचू शकत होते. आजोबांनी तुम्हाला पाट दिला, ब्रश दिला. त्या पाटावरून जे दिसलं ते तुम्ही शेठला विकलंत.

पुढच्याच हंगामात शेवंतीकाकीचा साचा फाटला. ती ओल्या हातांनीच आली. "सुमन, तुझा बांधावरचा दे गो चार दिवस. माणसं आगाऊ सांगून गेलीत, तोंड कुठं लपवू?" आत्याने डोक्यावरून साचा नेऊन दिला. काकीने काम उरकून परत आणला, पहिली मूर्तीही आणली. त्या मूर्तींचे डोळे आखायला काकीच्या कारखान्यात कोण बसलं होतं? तुम्ही.

गणपती झाल्यावर नोटीस आली.

मी गाडीने रोह्याला आले. तुम्ही मान वर करून म्हणालात, "काय पत्रकबाई, आज कोणाचा निषेध?"

"तुमचा."

"मग बसून करा. चहा सांगतो."

"नोटिशीत शेवंतीकाकीचं नाव आहे. साचा कधी गेला, कधी आला, सगळं आहे. शेठला कोणी सांगितलं?"

"मी."

मला वाटलं होतं तुम्ही टाळाल. तुम्ही टाळलं नाहीत. म्हणालात, "शेठने विचारलं, साचा बाहेर गेला होता का. मी पाहिलं होतं. अशिलाशी खोटं बोलू?"

"गप्प बसायचं होतं! आत्यापुढे बसला होतात ना?"

तेव्हा तुम्ही चष्मा काढलात आणि पुसायला लागलात. मग ते सगळ्यांचा वकील नसतो वगैरे. मी म्हटलं, तुम्ही आमच्या घरात येऊन हेरगिरी केलीत. तुम्ही म्हणालात, "हेरगिरी लपून करतात. मी उघड बसलो होतो. कलम उघड वाचलं. दुसरा वकील कर, हेही उघड सांगितलं. यातलं कुठलं वागणं चुकीचं ते दाखव. आणि पत्रक काढशील तेव्हा शिव्या घालू नकोस, वागणं लिही."

"ती चोरांसाठी म्हणाली तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत?"

"ती मला विचारत नव्हती."

"मग कोणाला विचारत होती? तिच्यासमोर माती होती आणि तुम्ही होतात!"

यावर तुम्ही फक्त एवढंच म्हणालात: "गरज पडली तर मी वकीलपत्र सोडेन आणि साक्षीला उभा राहीन. जे पाहिलं ते सांगेन. त्यात कमी नाही, जास्त नाही." जणू तुमचा खरेपणा ऐकून मी खूश होणार होते. तुमचं सगळं वागणं तुमच्या नियमांत बसत होतं, दत्ताभाऊ. ती एक शांतता तेवढी कुठल्याच नियमात बसत नव्हती. तिच्यावर मी चार वेळा बोट ठेवलं आणि चारही वेळा तुम्ही दुसऱ्याच कलमावर बोलत राहिलात.

त्यानंतर थंडीत तुम्ही पोपटीला बोलावलंत. रोह्याजवळच्या तुमच्या शेतावर दर वर्षीची पोपटी: वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं घालून वर पेंढ्याचा जाळ. दर वर्षीप्रमाणे अशील आणि अशिलांचे विरोधक एकाच चटईवर. आत्या निघाली. मी म्हटलं, "लाज वाटत नाही? दावा टाकलाय त्याने तुझ्यावर."

"दावा शेठने टाकलाय. आणि वालाने काय केलंय माझं?"

म्हणून मीही आले, राखण करायला. जाळ उतरला तेव्हा आत्याने मडक्यावर पाणी शिंपडून पाहिलं. तुम्ही विचारलंत, "सुमन, उचलू?" ती म्हणाली, "थांबा. वास नाय आला अजून." तुम्ही थांबलात. बघणाऱ्याला वाटलं असतं, या दोघांमध्ये कधी काही झालंच नाही. मला ते सहन झालं नाही. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "दत्ताभाऊ, या मडक्याचाही करार केलाय का?"

माणसं चुळबुळली. सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच हसलात. "केला असता. पण हे फुटणार आहे. फुटणाऱ्या वस्तूचा करार करू नये." आत्याने मला चिमटा काढला, अजून आठवतोय.

आम्ही परत निघालो तेव्हा तुम्ही रिक्षापर्यंत आलात. शेंगांचं गाठोडं आत्याच्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "सुमन, त्या दिवशी मी…" मागून कोणीतरी अशील तुम्हाला हाक मारत होता. तुम्ही वळून बघितलंत, मग आमच्याकडे, आणि म्हणालात, "बरं. तारखेला बोलू." रिक्षा निघाली.

वाटेत मी आत्याला विचारलं, ती का येते, का बोलते. ती म्हणाली, "मी भांडण सोडलं नाय गो. पण भांडायला समोर माणूस लागतो ना? तोंड बघायचं सोडलं तर भांडू कोणाशी?"

तारखेच्या आधीच तुम्ही गेलात. सकाळी, घरी, चहा पिताना, असं ऐकलं. बातमी आली तेव्हा आत्या माती मळत होती. ती थांबली. मला म्हणाली, "ह्या वर्षी डोळे कोण आखणार?" त्या क्षणी तरी मी तिच्यावर रागावले नाही.

ते अर्धवट वाक्य मी पुरं करायचा खूप प्रयत्न केला. 'त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.' असेल. 'त्या दिवशी मी पेनची टोपी तुझ्याकडे विसरलो.' तेही असेल. संशयाचा फायदा मी तुम्हाला देणार नाही. तो द्यायला मी न्यायाधीश नाही, आणि तुम्हीही तो आम्हाला दिला नव्हतात. ज्याला जवळजवळ सगळी हयात एका पाटावर बसू दिलं, त्याला एक वाक्य पुरं करायला कधीच वेळ मिळाला नाही, हे मला पटत नाही. वेळ होता. सभेत ज्याला सगळे तुमचा सौजन्यशील स्वभाव म्हणत होते, त्या स्वभावाने ते वाक्य पुढच्या तारखेला ढकललं.

आता पुढचं. हे तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही गेल्यावर आमची वकील, पेणची, माझ्याच वयाची, धावत आली. म्हणाली, "साचा शेवंतीकाकीकडे गेलेला पाहणारा बाहेरचा माणूस एकच होता. तो आता नाही. गल्लीतलं कोणी बोलणार नाही. मी उत्तरात एवढंच लिहिते: नाकबूल. सिद्ध त्यांनी करावं." मला ते पटलं. अजूनही पटतं. ज्या कलमात आत्याला गप्प राहून अडकवलं, त्यातून ती गप्प राहून सुटली तर त्यात मला काही वावगं दिसत नाही. तुम्ही जाताना नकळत दार उघडं ठेवून गेलात असं मला वाटलं, आणि पहिल्यांदाच तुमचे आभार मानावेत असं वाटलं.

गेल्या आठवड्यात शेठचा नवा वकील पाहणीला आला. पनवेलचा, तरुण. बूट कुठे टेकावे ते त्याला कळेना. शेठचा माणूस बरोबर होता. कारखान्यात काम चालू होतं, शेवंतीकाकी बाजूलाच पॉलिश पेपर घासत बसली होती. नव्या वकिलाने अदबीने विचारलं, "मावशी, तुमचा हा साचा कधी कारखान्याबाहेर गेला होता का?"

आमची वकील खोकली. मी आत्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही.

आत्याने हात धुतले, पदराला पुसले. "गेला होता. शेवंतीकडे. मीच नेऊन दिला डोक्यावरून."

शेठच्या माणसाने घाईने मोबाइल काढला. "मावशी, परत बोला."

ती परत बोलली, अधिक मोठ्याने. "ह्या शेवंतीला दिला. ही बघा, बसलीय. ह्या वर्षी पण मागेल तर देणार. तिचा साचा अजून फाटकाच हाय."

काकीचा हात थांबला. "मी नाय मागणार आता, सुमन."

"मागशील गो. तोंड कुठं लपवशील नायतर?"

कोणीतरी हसलं. नव्या वकिलाला काय लिहून घ्यावं ते समजेना.

ते गेल्यावर मी आत्यावर ओरडले. जे ओरडले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ती मळलेली माती थोपटत राहिली. मग म्हणाली, "नाय म्हटलं असतं तर देणं ही चोरी झाली असती. मी चोरी केली नाय. चोरी केली असती तर लपवली असती." आणि थोड्या वेळाने, तुमच्याबद्दल: "त्याने बघितलं ते खरंच होतं. तो मेला म्हणून मी खोटं करू?"

तेव्हा हे असं आहे, दत्ताभाऊ. बांधावरचा गणपती बहुतेक जाईल. तुमचं कलम भक्कम आहे. तुम्ही ते बघून लिहिलंय. आत्याने तुमचं पाहणं खरं राहू दिलं. मी तिच्याएवढी मोठ्या मनाची नाही. आम्ही जे लेखी उत्तर देतोय त्यात मी आग्रहाने एक परिच्छेद घालायला लावला: कलम वाचलं गेलं तेव्हा प्रतिवादीने ते चोरांसाठी आहे का असं विचारलं, वादीचे वकील समोर हजर होते, त्यांना इथली रीत ठाऊक होती, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. आमची वकील म्हणाली, "गेलेल्या माणसावर असं लिहिणं बरं दिसत नाही. त्यांना उत्तर देता येणार नाही." मी म्हटलं, येत होतं तेव्हा दिलं नाही. लिही.

उत्तर सही करायला आम्ही हमरापूरला नेलं. बाया हातातली कामं सोडून भोवती बसल्या. आमची वकील वाचू लागली. पहिल्या ओळीलाच आत्याने हात वर केला. "म्हंजे काय?" वकिलीणबाईंनी सांगितलं. दुसरी ओळ. "म्हंजे काय?" काही शेवंतीकाकीने सांगितलं, काही मी, एक चुकीचं सांगितलं तर दुसरीने दुरुस्त केलं. अख्खी दुपार गेली, माती सुकून गेली, कोणी कुरकुरलं नाही. ती प्रत्येक ओळीला थांबवून विचारत होती, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी तिला उत्तर देत होतं.